आवाज विकणे आहे

विकण्याच्या बाबतीत माझा हात कधीच चांगला नव्हता. आजवरच्या आयुष्यात मी एकूण तीन वस्तू विकल्या. पहिली रद्दी. ती दर महिन्याला विकतो आणि दर महिन्याला काटा रद्दीवाल्याच्या बाजूने झुकतो. दुसरी स्कूटर. ती घेणारा गृहस्थ अजूनही रस्त्यात भेटला की माझ्याकडे अशा नजरेने बघतो, की मी समोरच्या दुकानात काहीतरी घ्यायचं असल्यासारखा शिरतो. तिसरी वस्तू वडिलांची आरामखुर्ची. ती विकली आणि आठ दिवसांनी दीडपट पैसे मोजून परत आणली. व्यापारात याला काय म्हणतात मला ठाऊक नाही. आमच्या घरी याला 'यांचा व्यवहार' म्हणतात.

अशा माणसाला गेल्या पावसाळ्यात पुण्याहून एका तरुणाचा फोन आला.

"सर, तुमचा पॉडकास्ट आम्हाला विकत घ्यायचाय."

"विकत कशाला? तो फुकटच आहे. बटण दाबा, ऐकू येईल," मी म्हणालो.

पलीकडे थोडा वेळ शांतता पसरली. माझ्या पॉडकास्टवर एवढी चांगली शांतता मला कधी मिळालेली नाही.

आता हा पॉडकास्ट काय, ते सांगायला हवं. तेहतीस वर्षं शाळेत मराठी शिकवून मी निवृत्त झालो. तेहतीस वर्षं समोर पन्नास मुलं बसवून बोलायची सवय. ती पेन्शनबरोबर बंद होत नाही. त्यात २०२० ची टाळेबंदी आली आणि ऐकणारं घरात एकच माणूस उरलं. त्या माणसाने तिसऱ्या दिवशी पुतण्याला फोन करून सांगितलं, "यांना काहीतरी लावून दे बाबा." पुतण्याने मोबाइलमध्ये काहीतरी लावून दिलं. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना मी फोन करायचा, प्रश्न विचारायचे, त्यांनी बोलायचं, आणि ते बोलणं जगाला ऐकू जायचं. जगाने ते ऐकायचं की नाही हा जगाचा प्रश्न.

'पॉडकास्ट' हा शब्द २००४ साली एका इंग्रज पत्रकाराने 'गार्डियन' या वर्तमानपत्रातल्या लेखात सुचवला. त्यातला 'पॉड' आला आयपॉड नावाच्या यंत्रावरून. ते यंत्र कंपनीने २०२२ मध्ये बंद केलं. म्हणजे नाव ठेवणारी आत्या गेली, पण नाव राहिलं. आमच्या गावात त्याला 'पाटकाष्ट' म्हणतात. पाठ आणि कष्ट हे दोन्ही शब्द माझ्या ओळखीचे असल्यामुळे मी ते कधी दुरुस्त केलं नाही.

गावाचं नाव पारगाव. हे वाचून तुम्ही जर 'हो, हो, माहीत आहे' म्हणाला असाल तर बहुधा तुम्हाला दुसरं पारगाव माहीत आहे. पुणे जिल्ह्यात पारगावांचा तोटा नाही. जुन्नर तालुक्यात पारगाव तर्फे आळे आहे, पारगाव तर्फे मढ आहे. दौंडात सालू-मालूचं पारगाव, पुरंदरात मेमाण्यांचं. आमचं आंबेगाव तालुक्यातलं, पारगाव तर्फे अवसरी बुद्रुक. 'तर्फ' म्हणजे जुन्या अमदानीतला महसुली विभाग. महसूल गेला, तर्फ तेवढी नावाला चिकटून राहिली. शेजारी दत्तात्रयनगरला भीमाशंकर साखर कारखाना आहे. त्यामुळे हंगामात रस्त्याने उसाचे ट्रॅक्टर जातात, आणि प्रत्येक ट्रॅक्टरवर गाणी एवढ्या मोठ्याने लावलेली असतात की ऊस कारखान्यात पोचण्यापूर्वीच निम्मा पिळून निघावा. म्हणून मी माझं ध्वनिमुद्रण मागच्या खोलीत करतो. तिथे चारी भिंतींना गोधड्या टांगल्या आहेत. पाहुणा आत आला की आधी विचारतो, "गुरुजी, एवढी थंडी वाजते तुम्हाला?"

असे चौऱ्याऐंशी भाग झाले. एकसष्ट माणसं बोलली. त्यांतली नऊ आज नाहीत.

तर पुण्याचा तरुण प्रत्यक्ष आला. मुलगा गोड होता. चहा घेतला, दोनदा घेतला, गोधड्यांचे फोटो काढले. म्हणाला, "सर, तुमचं कंटेंट फार ऑथेंटिक आहे." तेहतीस वर्षांत कुठल्याही शिक्षणाधिकाऱ्याने माझ्याबद्दल असं काही म्हटलं नव्हतं, त्यामुळे मी आणखी एक चहा सांगितला. मग त्याने आकडा सांगितला. साडेसहा लाख.

सौ. आतून चहा घेऊन येत होती. ती उंबऱ्यावरच थांबली.

साडेसहा लाख ही रक्कम पुण्यात कदाचित मोटारीची असेल. आमच्या घरात ती सौ.च्या दोन गुडघ्यांची होती. डॉक्टरांनी दोन्ही गुडघे बदलायला सांगून दोन वर्षं झाली होती. पेन्शनमधून एकेक गुडघा साठवत होतो. तेव्हा 'मी कलेचा सौदा करणार नाही!' वगैरे नाटकातली वाक्यं मला सुचली नाहीत असं नाही, पण ती म्हणताना समोर सौ. कठड्याला धरून जिना उतरत असते.

करारनामा आठ पानांचा होता. मी आयुष्यभर मुलांना 'सारांश लिहा' म्हणून छळलं, त्याचा सूड आठ पानांनी उगवला. सारांश असा: पॉडकास्टचं नाव त्यांचं, चौऱ्याऐंशी भाग त्यांचे, त्यांनी ते कापावेत, जोडावेत, जाहिराती घालाव्यात, पैसे भरणाऱ्यालाच ऐकवावेत, आणि सहाव्या पानावर, माझा व पाहुण्यांचा आवाज, तसेच त्यावरून यंत्राने तयार केलेला कोणताही आवाज, सर्व माध्यमांत, सर्व भाषांत, कायमचा त्यांचा.

"हे यंत्राने तयार केलेला म्हणजे?" मी विचारलं.

"एआय, सर. तुम्हाला बोलायचेसुद्धा कष्ट नाहीत. तुमचा आवाज आपोआप बोलेल."

"यांना नकोत, पण ऐकणाऱ्यांना ते कष्ट आहेतच की," सौ. म्हणाली.

एक अट मात्र माझ्या बाजूची होती, म्हणजे ती पुरी करायची मला होती. बोललेल्या सर्वांच्या, किंवा त्यांच्या वारसांच्या, लेखी संमत्या आणायच्या.

मी आधी पुतण्याला विचारलं. तो घोडेगावच्या कोर्टात वकिली करतो. तो म्हणाला, "काका, १९५७ चा कॉपीराइट कायदा तुमच्या बाजूने आहे. ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेऊन ध्वनिमुद्रण केलं तो निर्माता, आणि पहिला हक्क त्याचा. प्रसिद्ध झाल्यानंतर साठ वर्षं. संमत्या मिळाल्या की सुखाने विका."

कायदा आपल्या बाजूने असला की माणसाला हायसं वाटतं असं म्हणतात. मला उलट धाकधूक वाटायला लागली. कारण कायदा 'तुझं आहे' म्हणाला, पण मला ते माझं वाटेना.

मग मी जगात लोकांनी काय केलं ते बघितलं. शिक्षकाला उत्तर येत नसलं की तो संदर्भ शोधतो. २०१४ साली अमेरिकेत गिमलेट नावाची पॉडकास्टची कंपनी निघाली. तिचा पहिलाच कार्यक्रम 'आम्ही कंपनी कशी काढतो आहोत' या विषयावर होता! २०१९ साली स्पॉटिफायने ही कंपनी विकत घेतली. किंमत सुमारे तेवीस कोटी डॉलर. विकल्याची गोष्टसुद्धा त्यांनी त्याच कार्यक्रमाच्या शेवटच्या भागांत सांगितली. बारशापासून कन्यादानापर्यंत सगळं सूत्रसंचालन घरचंच. पुढे २०२३ साली स्पॉटिफायने गिमलेट आपल्या दुसऱ्या विभागात मिसळून टाकली. विकणाऱ्यांना पैसे पुरे मिळाले, फसवणूक कुणाची झाली नाही. फक्त सासरी गेलेल्या मुलीचं नाव चार वर्षांत पुसलं गेलं. उलट 'सीरियल' नावाचा गाजलेला पॉडकास्ट काढणारी मंडळी २०२० साली न्यूयॉर्क टाइम्सकडे गेली आणि तिथे त्याच नावाने काम करत राहिली. म्हणजे विकणं हेच पाप, असंही नाही. कुणाला विकलं आणि काय विकलं, हा प्रश्न.

आपल्याकडचा दाखला तर माझ्या शिकवण्यातलाच. १८८१ साली 'केसरी' निघाला तेव्हा त्याचे संपादक आगरकर. पुढे टिळकांशी मतभेद झाले. आगरकर बाहेर पडले आणि १८८८ साली त्यांनी 'सुधारक' काढलं. 'केसरी'चं नाव जागेवर राहिलं, आगरकरांचा आवाज मात्र आगरकरांबरोबर गेला. हे मी वर्गात किमान तीसदा सांगितलं असेल. पण त्यातली गोम आता कळली. त्या काळी नाव आणि छापखाना मागे ठेवता येत होता, आवाज ठेवता येत नव्हता. उद्या कुणी आगरकरांच्या आवाजात 'केसरी'चे अग्रलेख म्हणून दाखवणारं यंत्र बसवलं असतं, तर आगरकरांनी 'सुधारक' काढून काय केलं असतं?

असो. मोठ्यांची नावं घेतली की आपला प्रश्न मोठा वाटायला लागतो. मी पिशवीत एकसष्ट संमतिपत्रं घातली आणि निघालो.

पहिलं घर एका आजीबाईंचं. जात्यावरच्या ओव्या त्यांनी तीन भाग भरून सांगितल्या होत्या. मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि काळजीने विचारलं, "मंग मला किती द्यावं लागत्याल, गुरुजी?"

"तुम्हाला नाही द्यायचे, आजी. मला मिळणार आहेत."

"बरं झालं. घ्या बाबा. मास्तरीणबाईंचं गुडघं करून घ्या." आणि त्यांनी अंगठा पुढे केला.

तो अंगठा मी घेतला नाही. शाई सुकली होती असं मी त्यांना सांगितलं. वाचकहो, शाई सुकलेली नव्हती.

दुसरे गृहस्थ नारायणगावचे. एके काळी तमाशाच्या फडात ढोलकी वाजवायचे. नारायणगाव ही तमाशाची पंढरी. भाऊ-बापूंचा फड तिथला, त्याच घराण्यातल्या विठाबाई तिथल्या. गुढीपाडव्याच्या सुमाराला तिथे फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच येतात, आपल्या जत्रेसाठी तमाशा ठरवतात, घासाघीस होते, सुपारी दिली जाते. ढोलकीवाल्यांनी माझं म्हणणं ऐकून तंबाखू मळता मळता विचारलं, "गुरुजी, ते सुपारी द्यायला आल्यात का फड घ्यायला?"

"म्हणजे?"

"सुपारी म्हंजी एका रातीचं काम. पैसं घेतलं, वाजवलं, पहाटं ढोलकी आपल्या खांद्यावर. सुपारीला लाजायचं नसतंय, पोट त्याच्यावरच हाय. पण ढोलकीच दिऊन टाकली की दुसऱ्या रातीचं काय?"

पन्नास वर्षं मी मूल्यशिक्षणाची पुस्तकं चाळली. एवढं स्वच्छ वाक्य त्यांत नव्हतं.

तिसरं घर डिंभ्याकडच्या एका बाईंचं. म्हणजे आता त्यांच्या मुलाचं. बाई गेल्या वर्षी वारल्या. आमच्या तालुक्याला ज्या गावाचं नाव आहे ते जुनं आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. तालुका पाण्यावर आणि त्याचं नाव पाण्याखाली, असा आमचा प्रकार. या बाई त्या गावच्या. मी त्यांना एकच प्रश्न विचारला होता, "तुमच्या आळीत कोण कोण राहायचं?" आणि त्या चाळीस मिनिटं घरामागून घर सांगत गेल्या. कुणाच्या दाराशी लिंब, कुणाच्या ओट्याला पायऱ्या तीन, कुणाची सून कुठली. मला मध्ये एकदाही बोलावं लागलं नाही. तो माझा सर्वांत चांगला भाग, असं सौ.चं मत आहे.

मुलाने कागद वाचला. सहावं पान दोनदा वाचलं.

"यंत्र आईच्या आवाजात काहीही बोलणार?"

"तसं करतीलच असं नाही."

"पण करू शकत्यात."

"हो."

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "गुरुजी, मी तुम्हाला नाही म्हणनार नाही. तुम्ही तिला बोलतं केलं. आमी घरातली, पण आमी कवा इचारलंच नाही. सही करतो. पण एक इचारू का? आई तुमच्याशी बोलत हुती. तिला ठावं हुतं, समोर गुरुजी हाईत. हे दुसरं कोन हाय, ते तिला ठावं न्हवतं."

त्याचीही सही मी घेतली नाही. आता शाईची सबबही उरली नव्हती.

घरी येता येता अंधार पडला. बिबट्या हा आता आमच्याकडे विनोदाचा विषय राहिलेला नाही. उसात त्यांची वीण होते, माणसं जातात, लेकरं जातात. तरी शेतीची वीज आली की पाणी द्यायला जावं लागतं, आणि वीज बऱ्याचदा रात्रीच येते. अंधारात जाताना मोबाइलवर आवाज चालू ठेवा, असं वनखात्याची माणसं सांगतात. गावाबाहेरच्या वळणावर उसाच्या कडेने बॅटरीचा उजेड हलत येताना दिसला आणि पाठोपाठ आवाज ऐकू आला. "तर आज आपल्याकडे आल्या आहेत..." आवाज माझाच होता.

पाणी धरायला निघालेला माझा एक जुना विद्यार्थी होता. मराठीत तो तीनदा नापास झाला होता.

"ऐकतोस होय रे माझा कार्यक्रम?"

"रोज रात्री, सर. बिबट्यासाठी लावतो." मग माझा चेहरा बघून म्हणाला, "म्हंजे, मी पन ऐकतो. गाणी लावली तर मधी जाहिरात येती, नायतर गाणं संपून गप होतं. तुमचं तासभर थांबत नाही. सर वर्गात बोलत असल्यावर आमची कुनाची मागनं हलायची हिंमत नसायची, तसंच बिबट्याचं."

आकाशाकडे कान लावून बसलेल्या तीस दुर्बिणी आमच्या शेजारच्या तालुक्यात खोडदला आणि तिच्या आसपास आहेत. प्रत्येकीची तबकडी पंचेचाळीस मीटरची. कुठल्या कुठल्या ताऱ्यांचं त्या ऐकतात. माझा श्रोता मात्र हा, आणि उसात असला तर तो दुसरा. पण त्या रात्री मला माझी श्रोतृसंख्या अजिबात कमी वाटली नाही. तो पुढे गेला. माझा आवाज त्याच्या खिशातून त्याच्याबरोबर गेला. उद्या हाच आवाज पैसे भरल्याशिवाय बोलेना, तर? किंवा आवाज माझा आणि सांगतोय कुठल्या तरी बियाण्याची जाहिरात, आणि हा पोरगा सर सांगतात म्हणून ऐकतोय, तर?

घरी आल्यावर मी सौ.ला तोऱ्यात सांगितलं, "मी विकणार नाही. हे सगळं लोकांचं आहे."

सौ. भाजी निवडत होती. म्हणाली, "लोकांचं आहे, की लोक 'गुरुजी, गुरुजी' करतात ते तुम्हाला सोडवत नाही?"

तेहतीस वर्षं मी पर्यवेक्षण केलं. पण कॉपी अशी पकडता मला कधी आली नाही. खरं होतं. 'विकणार नाही' म्हणण्यातही एक नफा असतो आणि तो ताबडतोब हातात पडतो. आपण मोठे आहोत असं वाटतं. त्याची किंमत मात्र सौ.चे गुडघे देणार होते. दुसऱ्याच्या गुडघ्यांवर उभा राहिलेला त्याग मला नको होता.

त्या रात्री झोप लागली नाही. हिशोबाची वही काढली आणि दोन रकाने केले, 'माझं' आणि 'ठेवीचं'. प्रश्न माझे. मध्ये मध्ये खोकलो ते माझं. बोलण्याची हौस माझी, गोधड्या सौ.च्या. पण उत्तरं? ती कुणी मला विकली नव्हती आणि बक्षीसही दिली नव्हती. शेजारीण गावाला जाताना डबा ठेवायला देते, तशी ती ठेवायला दिली होती. डबा आपल्या कपाटात असतो, किल्ली आपल्याकडे असते, पावती कुणी मागितलेली नसते. कायद्याच्या डोळ्यांना तो आपलाच डबा दिसेल. पण पावती मागितली नाही, म्हणूनच ती ठेव जास्त सांभाळायची असते. पावती असती तर पावतीने सांभाळली असती. आजीबाईंचा अंगठा मी का घेतला नाही, ते मला वहीत बघून कळलं. त्या अंगठ्याने त्या मला आणखी एक ठेव देत होत्या, आणि मी ती संमती म्हणून पुण्याला पाठवणार होतो.

सकाळी मी त्या तरुणाला फोन केला. "ढोलकी मिळणार नाही, सुपारी घेतो," म्हणालो. त्याला अर्थातच कळलं नाही. मग सविस्तर सांगितलं. जुने चौऱ्याऐंशी भाग आहेत तिथे, फुकट, सगळ्यांना. नवे बारा भाग त्यांच्यासाठी करून देईन. त्यात बोलणाऱ्या माणसाला आधीच सांगेन, की हे कुणासाठी आहे, त्याचे पैसे येणार आहेत, आणि त्यातला निम्मा वाटा त्याचा. सहावं पान फाडून टाकायचं.

"सर, मग एवढे पैसे नाही देता येणार."

"किती देता येतील?"

बराच वेळ घासाघीस झाली. मी आयुष्यात प्रथमच घासाघीस केली आणि सौ. दारामागून बोटांनी आकडे दाखवत होती. पाहुण्यांचा वाटा वजा जाता ठरलेल्या रकमेत एक गुडघा बसतो. दुसरा पेन्शनच्या चालीने येईल. मी सौ.ला भीत भीत विचारलं, "चालेल?"

"आधी एकावर चालून तर बघू," ती म्हणाली. "उजवा आधी करू. डावा तुमच्या तत्त्वांसाठी ठेवते."

डावा अजून तसाच आहे. जिना उतरताना ती कठडा धरते आणि माझ्याकडे बघते, तेव्हा माझा निर्णय शंभर टक्के बरोबर होता असं मला म्हणवत नाही. ऐंशी टक्के म्हणेन. उरलेल्या वीस टक्क्यांसाठी मी तिचा हात धरतो.

रात्री वीज आली की गावाबाहेरच्या वळणावरून अजून माझा आवाज जातो. बिबट्याचा अभिप्राय अद्याप आलेला नाही. परवा तो जुना विद्यार्थी भेटला तेव्हा म्हणाला, "सर, चौऱ्याऐंशी भाग दोनदा ऐकून झाले. आता मराठीचा पेपर द्यायला हरकत नाही."